मी बोरखेडीच्या गाडीचं इंजिन

मित्रांनो, मी एक जुनं इंजिन आहे. पण मला बघायला कुठल्या स्टेशनावर जाऊ नका, तिथं मी सापडणार नाही. तुळजापुरात देवळाकडं उतरणाऱ्या रस्त्याला एक बारीक गल्ली फुटते. त्या गल्लीतल्या एका घराच्या वरच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या माथ्यावर मी उभा आहे. माझी लांबी दीड वीत. कोळसा मी कधी खाल्ला नाही, धूर कधी सोडला नाही. तरी मला जुनं म्हणा, कारण ज्या इंजिनाच्या रूपावर मला घडवलं ते तुमच्या आजोबांच्या काळात धावत होतं, आणि एका पुलापाशी ते पाण्यात गेलं.

मला घडवलं गोपाळकृष्ण सरांनी. ते इथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवायचे. हातात कानस आणि कैची घेतली की त्यांना जेवणाची आठवण राहत नसे. निवृत्त झाल्यावर त्यांनी वरची खोली, जी एरवी दर्शनाला येणाऱ्या भक्तांना उतरायला द्यायचे, ती रिकामी केली. भिंतीच्या कडेनं फळ्या ठोकल्या आणि ठरवलं, की इथं एक छोटी रेल्वे मांडायची. डोंगर, पूल, स्टेशनं, सगळं हातानं करायचं.

कुठली रेल्वे करायची, हे ज्या दिवशी ठरलं त्या दिवशी मी अजून इंजिन झालो नव्हतो. मी पावडरचा रिकामा डबा होतो आणि टेबलावर पडून सगळं ऐकत होतो. शेजारचे शंकरप्पा आले होते. त्यांचं लॉज आहे. ते म्हणाले, "सर, आता आपल्या गावाला नवी रेल्वे यायलीय. तीच करा की. पांढरी, चकाचक. लोक बघायला येतील."

सर म्हणाले, "ती तर येणारच आहे. तिचे लाख फोटो निघतील. मी आपली जुनी बारकी गाडी करणार. तिचा धड एक फोटो कुणाकडं नाही."

ही बारकी गाडी म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं. आपल्या जिल्ह्याच्या माळरानातून पूर्वी एक छोट्या रुळांची लाईन जायची. तिचं सगळं आयुष्य रडतखडत गेलं. उन्हाळ्यात रूळ वाकायचे, पावसाळ्यात भराव खचायचे. चढ आला की गाडी इतकी मंद व्हायची, की पोरं उतरून शेतातले हरभरे उपटायची आणि पुन्हा चढायची. ती वेळेवर आली तर लोक म्हणायचे, ही कालची असेल. तिनं कधी फायदा म्हणून बघितला नाही. शेवटी ती बंद पडली आणि तिचे रूळ भंगारात गेले. बोरखेडी नावाचं तिचं एक स्टेशन होतं. तिथं आता बाभळी आहेत.

शंकरप्पा गेल्यावर सरांच्या पत्नी, चारुशीलाबाई, दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "दुसरी कुठलीही करा की. हीच कशाला?"

"का? तुझं तर बालपण तिच्यावर गेलं. बोरखेडीचं स्टेशन कसं होतं, ते तुझ्याशिवाय मला कोण सांगणार?"

"म्हणूनच म्हणते. नको."

सर हसले. "अगं, किती वर्षं झाली त्याला. खेळणं आहे ते."

त्यावर बाई काही बोलल्या नाहीत. मला तेव्हा वाटलं, गप्प राहिल्या म्हणजे पटलं असेल. मी डबाच होतो, मला काय कळणार? पण सरांनाही तसंच वाटलं.

मग माझा जन्म सुरू झाला. माझं पोट पावडरच्या डब्याचं. धुराडं पितळी नळीच्या तुकड्याचं. एका मेलेल्या टेपरेकॉर्डरची मोटर माझ्या आत बसवली. पाठीमागची ड्रायव्हरची खोली तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केली; तिच्या आतल्या बाजूला शेंगदाण्याचं अर्धं चित्र अजून आहे. चाकांचं मात्र अडलं. चाकं गोल, सारखी आणि पक्की लागतात. ती घरी होईनात. तेव्हा सरांना राजपालची आठवण झाली.

राजपाल एसटीच्या डेपोत मेकॅनिक. राहायला तामलवाडीला. शाळेत सरांच्या हाताखाली शिकलेला, आणि आता स्वतः पन्नाशीला टेकलेला. सरांनी बोलावलं म्हणून ड्युटी संपल्यावर आला. मला हातात घेऊन त्यानं उलटंपालटं करून बघितलं. त्याची बोटं ग्रीसनं काळी होती, पण धरायची तऱ्हा अशी, की मला पहिल्यांदाच वाटलं, आपण डबा नाही.

"कुठल्या गाडीचं म्हणायचं हे, सर?"

"आपल्या बारक्या गाडीचं. बोरखेडीवरून जायची ती."

राजपालचा हात थांबला. तो म्हणाला, "माझे वडील त्याच गाडीवर फायरमन होते, इंजिनात कोळसा टाकायचे. आबाराव. बोरखेडीच्या पुलावर गेले. मी तवा मांडीवर होतो."

सर चष्मा काढून शर्टाला पुसायला लागले. पुष्कळ वेळ पुसत राहिले. राजपालच्या लहानपणीच त्याचे वडील वारले, हे त्यांना शाळेच्या दिवसांपासून माहीत होतं. कसे वारले, ते कधी विचारलं नव्हतं. आणि एक गोष्ट राजपालला माहीत नव्हती, ती सरांना माहीत होती: त्या दिवशी बोरखेडीचे स्टेशन मास्तर होते गोविंदराव, म्हणजे चारुशीलाबाईंचे वडील. गाडी त्यांनी सोडली होती.

"मग हे राहू दे का?" सर म्हणाले. "दुसरी कुठली तरी करू."

"न्हाय सर, हीच करू," राजपाल म्हणाला. "म्या त्यांना बघितलंच न्हाय. गाडी तरी बघतो."

मित्रांनो, या सगळ्यात बोलायची वेळ कुठली होती असं मला विचाराल, तर मी म्हणेन, ती. एक वाक्य पुरलं असतं. सरांनी तोंड उघडलंही. पण राजपाल तेवढ्यात माझं चाकांचं माप घ्यायला वाकला होता, आणि सरांनी त्याला फूटपट्टी दिली.

त्या दिवशी तो गेल्यावर सरांनी बाईंना वर बोलावून सगळं सांगितलं. बाई भिंतीला टेकून ऐकत होत्या.

"मग त्याला सांगितलं का तुम्ही?"

"नाही."

"सांगा."

"आज कसं सांगू? किती हौसेनं बघत होता. दोन दिवस जाऊ देत."

"तुम्ही नाही सांगितलं तर मी कुठल्या तोंडानं सांगू?" बाई म्हणाल्या आणि खाली गेल्या. त्यानंतर त्या या खोलीत आल्या नाहीत. राजपाल आला की चहाचा ट्रे उंबऱ्यावर ठेवला जायचा. "काकू, आत या की, बघा तरी," असं तो म्हणायचा. बाहेरून उत्तर यायचं, "खाली दूध ठेवलंय." रोज दूधच ठेवलेलं असायचं.

दोन दिवस गेले, दोन महिने गेले. राजपालनं नळदुर्ग रस्त्यावरच्या एका लेथवर माझी चाकं करून आणली आणि मी चालायला लागलो. पहिल्यांदा मोटर सुरू झाली तेव्हा माझं सगळं अंग थरथरलं. मी फळीवरून पुढं गेलो, वळणाला रुळावरून घसरलो, आणि दोघंही पोरांसारखे हसले. राजपाल आला नाही त्या संध्याकाळी सरांचं कामात लक्ष लागत नसे. सरांना मुलगा नव्हता. एक मुलगी, निवेदिता, ती लग्न होऊन पुण्याला. राजपालला वडील नव्हते. त्या दोघांमध्ये काय तयार होत होतं, ते मला वरून, खालून, सगळीकडून दिसत होतं. आणि ते जसजसं घट्ट होत गेलं, तसतसं सरांना सांगणं अवघड होत गेलं. आधी वाटत होतं, सांगितलं तर त्याला वाईट वाटेल. मग वाटायला लागलं, सांगितलं तर तो जाईल. आणि नंतर तर इतके दिवस का नाही सांगितलं, हेच मोठं होऊन बसलं.

मी सगळं ऐकत होतो. मला शिट्टी होती, पण ती पितळेची, न वाजणारी.

खोलीत हळूहळू माळरान उभं राहिलं. लाकडाच्या भुशाला रंग देऊन गवत केलं. ओढा काचेचा केला, त्यावर पूल. पुलाच्या अलीकडं बोरखेडीचं स्टेशन: कौलारू खोली, लिंबाचं झाड, पाण्याची टाकी. ड्रायव्हर सरांनी तारेचा आणि एम-सीलचा केला. फायरमन मात्र राजपालनं केला. त्याच्याकडं वडिलांचा एकच फोटो होता, तोही लग्नातला, टोपी घातलेला. तो फोटो टेबलाला टेकवून त्यानं बोटभर उंचीचा माणूस घडवला. हातात फावडं दिलं, टोपी मात्र घातली नाही. चेहरा तीनदा मोडून पुन्हा केला. मग माझ्या पाठच्या खोलीत त्याला उभं करून पावलांखाली डिंक लावला आणि वाळेपर्यंत दोन बोटांनी धरून ठेवलं.

"पक्का बसला," तो म्हणाला. "आता हलायचा न्हाय."

मग थोड्या वेळानं म्हणाला, "सर, स्टेशनात मास्तर करायचा राहिला की."

"करू," सर म्हणाले. "सवडीनं करू."

तो मास्तर कधीच झाला नाही. बाकी सगळी माणसं झाली: पाटीवाली बाई, बिडी ओढणारा म्हातारा, शेळी घेतलेला पोरगा. फलाटावरची एक जागा मोकळी राहिली.

माझं कौतुक मात्र पुष्कळ झालं. नवरात्रात लॉजवर उतरलेले भक्त दर्शन करून मला बघायला यायचे. शाळेची पोरं रांग लावून यायची. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. लोक विचारायचे, सर, हीच गाडी का निवडली? सर सांगायचे, की जी गाडी यशस्वी झाली तिला सगळेच लक्षात ठेवतात. जी रखडली, पडली, बंद झाली तिची आठवण कुणी तरी ठेवायला पाहिजे. लोक माना डोलवायचे. राजपाल मागं उभा राहून अभिमानानं ऐकायचा. ते वाक्य खरं होतं, मित्रांनो. पण प्रत्येक वेळी ते बोलताना सरांची नजर जिन्याच्या दाराकडं जायची.

एक दिवस राजपाल म्हणाला, "रविवारी आईला आणतो. तिला सांगितलंय, आपल्या आबांची गाडी केलीय म्हणून."

सरांनी हातातली कानस खाली ठेवली. ते म्हणाले, "त्यांना जिना चढवेल का?"

"चढंल की. म्या हाय ना."

तो गेल्यावर बाई ट्रे न्यायला वर आल्या. त्या उंबऱ्याच्या बाहेरच थांबल्या. सर म्हणाले, "तू रविवारी सोलापूरला बहिणीकडं जाऊन ये."

"का?"

"तुला त्रास होईल."

"आणि त्यांना होणार नाही?" बाई म्हणाल्या. "मी कुठं जाणार नाही. तुम्ही शनिवारपर्यंत राजपालला सांगा."

शनिवारी सर दोनदा डेपोकडं निघाले आणि दोनदा वाटेतून परत आले. दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांच्या हातात भाजी होती.

रविवारी दुपारी बनाबाई आल्या. सत्तरीच्या, बारीक चणीच्या, निळ्या काठाच्या पांढऱ्या लुगड्यात. राजपालनं त्यांना हाताला धरून जिना चढवला आणि खुर्चीवर बसवलं. त्यांना धाप लागली होती. धाप ओसरेपर्यंत त्या माझ्याकडं बघतच नव्हत्या, पुढ्यातल्या भुशाच्या गवताकडं बघत होत्या.

"आई, हे बघ. हे इंजिन. आन् हे आबा."

त्या वाकल्या. त्यांचा चेहरा माझ्या इतक्या जवळ आला, की त्यांच्या श्वासाची वाफ माझ्या पत्र्यावर धरली. त्या पुष्कळ वेळ त्या बोटभर माणसाकडं बघत राहिल्या.

"टोपी न्हाय घालायचे कामावर," त्या म्हणाल्या. "बरं केलंस, घातली न्हाय."

राजपालला काय करू न काय नको असं झालं होतं. "चालवून दाखवतो," तो म्हणाला आणि त्यानं बटण फिरवलं. मी निघालो. डोंगराला वळसा घातला, बोगद्यातून बाहेर आलो, आणि बोरखेडीच्या फलाटाला येऊन उभा राहिलो. हे मी शेकडो वेळा केलं होतं. माझ्यापुढं पूल होता.

बनाबाईंनी हात वर केला. "थांब जरा." त्यांनी फलाट नीट न्याहाळला. लिंबाचं झाड बघितलं, टाकी बघितली. मग विचारलं, "हितं मास्तर न्हाय का उभा केला?"

"सर सवडीनं करणार हायत," राजपाल म्हणाला.

सर वाकून फलाटावरचं लिंबाचं झाड सरळ करायला लागले. मला वाटलं, आता तरी बोलतील. तेवढ्यात उंबऱ्यावरून आवाज आला.

"ते माझे वडील होते."

चारुशीलाबाई आत आल्या. त्यांच्या हातात ट्रे होता. तो त्यांनी खाली ठेवला नाही, तसाच धरून बोलत राहिल्या.

"बोरखेडीचे मास्तर माझे वडील होते. गाडी त्यांनी सोडली. मी तिथं होते, बारा वर्षांची."

राजपालनं बटण बंद केलं. बनाबाई वळल्या आणि बाईंकडं बघायला लागल्या. रागानं नाही, कशानंच नाही. दूरवरून कुणी येताना दिसावं आणि ओळख पटू नये, तसं.

"बसा, बाई," त्या म्हणाल्या. "हातातलं ठेवा."

बाई बसल्या. मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी बाजार होता. दिवसभर पाऊस पडून उघडला होता. रुळाची देखभाल करणारा माणूस, बंडप्पा, पळत आला आणि म्हणाला, पुलाला पाणी लागलंय, पलीकडची माती खचल्यासारखी वाटतीय. वडिलांनी फोन फिरवला, फोन बंद. गाडी आली, गच्च भरलेली. गाडी आधीच फार लेट होती आणि उशिराबद्दल वडिलांना वरून दोनदा ताकीद आली होती. डब्यातली माणसं ओरडायला लागली, की पाऊस थांबलाय, आता कशाची वाट बघताय, चालत गेलो असतो तर घरी पोचलो असतो. वडील खोलीत गेले, बाहेर आले, परत गेले. शेवटी ड्रायव्हरला म्हणाले, एकदम हळू जा. हिरवं निशाण दाखवलं. पूल टिकला. पलीकडचा भराव टिकला नाही.

"वडील पुढं नोकरीत राहिले," बाई म्हणाल्या. "पण घरात कुणी नुसतं 'उशीर झाला' म्हटलं, की ते उठून आत जायचे. मरेपर्यंत."

बनाबाईंनी ऐकून घेतलं. मास्तरांबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी वेगळंच विचारलं.

"तुमी ह्यांला बघितलं का त्या टायमाला?"

"बघितलं. गाडी थांबली होती तेव्हा खाली उतरले. मी दारात उभी होते, माझ्याकडं पाणी मागितलं. मी तांब्या आणून दिला."

"प्याले?"

"प्याले. सगळा तांब्या. शेवटचं घोटभर राहिलं ते तोंडावर मारलं. तांब्या परत दिला आणि वर चढले."

बनाबाईंनी पदर सारखा केला. त्या म्हणाल्या, "सकाळी माझ्यासंगं बोलनं झालतं. भाकरी तशीच टाकून गेले. म्या बी हाक मारली न्हाय. वाटलं, येतील की सांजच्याला." मग म्हणाल्या, "उपाशीच गेले, एवढंच मला ठावं व्हतं. पानी पिले, ते ठावं नव्हतं."

राजपाल भिंतीशी उभा होता. तो सरांकडं बघत होता.

"सर, तुमाला माहीत होतं?"

"होतं."

"पहिल्यापासून?"

"तू वडिलांचं नाव घेतलंस, त्या दिवसापासून."

राजपालनं मान हलवली. सर पुढं म्हणाले, "राजपाल, मला रोज वाटायचं..." पण काय वाटायचं ते त्यांना सांगता येईना, आणि राजपालनं विचारलं नाही.

बनाबाई पुन्हा माझ्याकडं वळल्या. मी फलाटाला उभा होतो, तोंड पुलाकडं. त्या म्हणाल्या, "राजपाल, ह्यांला खाली उतरव."

"आई, ते चिकटवलंय."

"उतरव. गाडी फुडं जायच्या आदी उतरव."

राजपालनं मला डाव्या हातात धरलं. उजव्या हाताच्या दोन बोटांनी, ज्या बोटांनी त्यानं त्या माणसाला वाळेपर्यंत धरलं होतं, त्याच बोटांनी तो ओढायला लागला. माणूस हलेना. मला हातपाय असते तर मी सोडून दिला असता, मित्रांनो. मला काय धरून ठेवायचं होतं? पण धरलं होतं डिंकानं, आणि डिंक ऐकत नव्हता. राजपालनं जरा जोर केला. कट् असा बारीक आवाज झाला. माणूस त्याच्या हातात आला. पण घोट्यापासून खालची दोन पावलं माझ्या पत्र्यावर तशीच राहिली.

राजपालनं हातातल्या माणसाकडं बघितलं, मग माझ्यावरच्या पावलांकडं. नखानं ती काढायला लागला, तेव्हा बनाबाई म्हणाल्या, "राहू दे. तुटतील." त्यांनी तो बिनपावलांचा माणूस घेतला, लुगड्याच्या पदरात ठेवला आणि गाठ मारली. चहा तसाच निवला होता. तो त्यांनी उचलून सगळा प्याला. कप खाली ठेवताना बाईंना म्हणाल्या, "येते." राजपालनं त्यांना धरून जिना उतरवला. जिन्यावर त्यांची पावलं फार वेळ वाजत होती.

ते गेल्यावर बाई आणि सर तिथंच बसून राहिले. खालच्या रस्त्यावरून देवीची परडी घेऊन बायका गाणं म्हणत चालल्या होत्या. ते ऐकू येईनासं झालं तेव्हा बाई म्हणाल्या, "एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही."

"कुठली?"

"तो तांब्या. आबाराव पाणी पिऊन वर चढले, आणि आईनं तो माझ्या हातातून घेतला नाही. म्हणाली, बाहेरच ठेव, पायरीवर. त्यांच्या जातीचं तोंड लागलंय, आता विस्तवात घातल्याशिवाय आत चालायचा नाही. मी पायरीवर ठेवला. गाडी गेली. नंतर कळलं काय झालं ते. तांब्या रात्रभर तिथंच होता. सकाळी वडिलांनी तो उचलून आत आणला आणि आईसमोर त्यात पाणी घेऊन प्याले." बाईंनी सरांकडं बघितलं. "हे सांगायला पाहिजे होतं का?"

मला वाटतं, याचं उत्तर सरांना ठाऊक नव्हतं. मलाही नाही.

त्यानंतर मी चाललो नाही. सर वर यायचे, खुर्चीत बसायचे, बटणाला हात लावायचे नाहीत. एकदा ते डेपोत जाऊन राजपालला भेटून आले. वर येऊन बाईंना सांगत होते, "नीट बोलला. चहा पाजला. म्हणाला, सर, राग न्हाय, पण यावं वाटंना. वाटलं की येईन."

"मग?"

"मग काय. मी म्हणालो, बरं."

राजपाल अजून आलेला नाही. पुढच्या नवरात्रात गर्दी वाढली आणि ही खोली पुन्हा भक्तांना द्यायचं ठरलं. फळ्या उतरल्या. भुशाचं माळरान पोत्यात गेलं. उंदरांनी तारा कुरतडल्या. काचेचा ओढा शंकरप्पांनी लॉजच्या खिडकीला बसवायला मागून नेला. बोरखेडीचं स्टेशन कुठं गेलं, मला माहीत नाही. मला कपाटावर ठेवलं. दर चार दिवसांनी खोलीत नवी माणसं येतात, नवस बोलतात, झोपतात, जातात. माझ्या चाकांना गंज चढतोय, तो मला कळतो. धुराड्यात कोळ्यानं जाळं केलंय. मला त्याचं फार दुःख नाही. जिचं रूप मी घेतलं, ती गाडीसुद्धा अशीच विसरली गेली होती.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू शेवटी तुम्हाला सांगते, की आम्हाला जपा, धूळ झटका, फेकू नका. मीही सांगतो. पण एवढंच सांगून माझं भागत नाही. तुम्ही मोठे व्हाल, तुमचे हात चालायला लागतील, तेव्हा तुम्हीही जुन्या गोष्टी पुन्हा उभ्या कराल. करा. पडलेल्या गाडीची आठवण ठेवणं वाईट नाही. सर ते खोटं बोलत नव्हते. फक्त पहिला डबा कापायच्या आधी घरात कोण "नको" म्हणतंय ते थांबून ऐका. आणि शेजारी बसून चाकं करून देणाऱ्या माणसाला सांगण्यासारखं काही तुमच्याजवळ असेल, तर ते त्याच संध्याकाळी सांगा. उद्या सांगू म्हणून ठेवलेलं डिंकासारखं वाळतं. मग ते ओढायला गेलं, की काही तरी तुटूनच हातात येतं.

आता या खोलीत न चुकता कुणी येत असेल तर त्या चारुशीलाबाई. जिला इथं पाऊल टाकवत नव्हतं, ती बाई भक्त गेले की केरसुणी घेऊन येते, खुर्चीवर चढते आणि मला खाली घेते. ओल्या फडक्यानं माझं पोट पुसते, धुराडं पुसते, चाकं पुसते. माझ्या पाठच्या खोलीपाशी आली की फडक्याचं टोक बोटाला गुंडाळते आणि त्या दोन पावलांच्या भोवतीनं, त्यांना धक्का न लावता, हळूहळू पुसत राहते.